कळतं, पण वळत नाही : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात झोपेबद्दलच्या एका उत्तरात मी सहज लिहून गेले की माझ्या थेरपीच्या क्लिनिकमधे कोपऱ्यात योगासनांसाठी एक गुंडाळलेली चटई असते आणि कधीकधी अर्धं सेशन आम्ही तिच्यावरच करतो. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आणि मेल आले की यावेळी सगळं सदर चटईलाच दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत. आणि पेशंटचे किस्से सांगताना ओळख पटेल असं सगळं बदललंय, त्यामुळे 'ही आमच्या शेजारची तर नव्हे' असा शोध कृपया घेऊ नका.

प्रश्न : ताई, मी सायकॉलॉजीत एमए करतेय, दुसरं वर्ष. कॉलेजात जास्त करून सीबीटीच (विचार तपासून बदलायची थेरपी) शिकवतात, आणि मी शाळेपासून योगासनांच्या स्पर्धांत भाग घेतलाय. तुम्ही या दोन्हीची सांगड कशी घातलीत, कुठला कोर्स केलात? सरांना विचारलं तर म्हणाले, आधी एक काहीतरी नीट शिक. (एक विद्यार्थिनी, कोल्हापूर)

तुझे सर बरोबर बोलले. हे आधीच सांगून टाकते.

अगं, मी ठरवून काही सांगड वगैरे घातली नाही. मी पक्की बोलण्यातली बाई. १९९८ मधे प्रॅक्टिस सुरू केली तेव्हा माझ्याकडे दोन खुर्च्या, एक टेबल आणि झेरॉक्स काढलेले तक्ते होते, प्रसंग काय घडला, मनात काय आलं, काय वाटलं, त्याला पुरावा काय. ते चालायचं आणि आजही चालतं, सीबीटीला नावं ठेवणाऱ्यांतली मी नाही. पण काही पेशंट असे यायचे की त्यांचा तक्ता सुधारायचा आणि माणूस तिथेच राहायचा.

एक बँकेतले गृहस्थ होते, पन्नाशीचे, ऑडिट जवळ आलं की महिनाभर झोप उडायची. तक्ता इतका सुरेख भरून आणायचे की वर्गात शिकवायला वापरावा, पुराव्याच्या रकान्यात लाल पेनाने स्वतःच लिहायचे, 'पुरावा नाही.' आणि हे सगळं मला समजावून सांगताना बसायचे खुर्चीच्या अगदी कडेवर, टाचा उचललेल्या, उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर सारखा घासत, नोटा मोजल्यासारखा. एकदा म्हणाले, मॅडम, कळतंय हो सगळं, पण वळत नाही. मी म्हटलं, जरा पाय टेकवून बसता का? का म्हटलं ते तेव्हा मलाही माहीत नव्हतं. टाचा खाली आल्या, पाठ खुर्चीला लागली, एक लांब श्वास सुटला, आणि मग दोन मिनिटं ते काही बोललेच नाहीत. अंगठाही थांबला. ते जे काही झालं ते माझ्या तक्त्यातल्या कुठल्याच रकान्यात बसेना.

आता गंमत अशी की आसनं मला नवी नव्हती, आमच्या घरी आई पहाटे सतरंजी टाकून करायची. पण ती घरातली गोष्ट, क्लिनिकमधे आणायची म्हणजे मला चक्क लाज वाटायची, लोक म्हणतील बाई शिकली सवरली आणि शेवटी श्वास घ्या म्हणते. माझी लाज गेली ती वाचनाने. जॉन कबाट-झिन नावाचा माणूस, मूळचा मॉलिक्युलर बायॉलॉजीचा पीएचडी, त्याने १९७९ मधे अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या मेडिकल स्कूलमधे, ज्यांच्या जुनाट दुखण्यांवर डॉक्टरांकडे फारसं काही उरलं नव्हतं अशा पेशंटसाठी वर्ग सुरू केला (तो पुढे आठ आठवड्यांचा झाला), आणि त्यात काय तर बसून ध्यान, पडून शरीराच्या एकेका भागाकडे लक्ष नेणं, आणि सरळ सरळ हठयोगातली आसनं. त्याच्यावरून पुढे सीगल, विल्यम्स आणि टीसडेल या तिघांनी डिप्रेशनसाठी एमबीसीटी नावाची पद्धत बसवली, सीबीटी आणि माइंडफुलनेस (मनात जे येतंय त्याकडे ढवळाढवळ न करता नुसतं लक्ष देणं) एकत्र. त्यांचा २००० सालचा पहिला मोठा अभ्यास १४५ लोकांवरचा आहे, आणि माझ्या दृष्टीने त्यातली सगळ्यात कामाची गोष्ट ही की ज्यांना डिप्रेशन तीन किंवा जास्त वेळा येऊन गेलंय त्यांच्यात ते परत येण्याचं प्रमाण साधारण ६६ टक्क्यांवरून ३७ वर आलं, पण ज्यांना दोनदाच आलं होतं त्यांना असा काही फायदा दिसला नाही. म्हणजे सगळ्यांना सरसकट नाही. हे वाचलं आणि मला एकदम हायसं वाटलं, कारण जे सगळ्यांना सगळ्यावर लागू पडतं असं म्हणतात त्याच्यावर माझा विश्वास बसत नाही.

मग मी शिकले, तुकड्यातुकड्यात. इगतपुरीला दहा दिवसांचं विपश्यना शिबिर केलं, पहाटे चारला घंटा, दिवसाचे दहा तास बसणं आणि तोंडातून शब्द नाही. पहिले तीन दिवस मी मनातल्या मनात शेजारणीच्या खोकल्याचं डायग्नोसिस करत होते. लोणावळ्याला योगाचं शिक्षण घेतलं. सुपरव्हिजन (आपल्या केसेस अनुभवी थेरपिस्टकडून तपासून घेणं) मात्र थेरपीतलीच घेत राहिले, एक दिवससुद्धा सोडली नाही.

आणि सांगड म्हणतेस ना, ती वाटते तेवढी सोपी नाही, कारण दोन्ही एकमेकांच्या उलट ओढतात. सीबीटी म्हणते विचाराची उलटतपासणी घे, खरा आहे का विचार. माइंडफुलनेस म्हणतं असू दे, विचार आलाय, बसलाय, तू त्याला फक्त बघ. एकाच पेशंटला एकाच तासात दोन्ही सांगितलं की तो गोंधळतो, मी केलंय हे, दोन वर्षं केलं असेल. आता माझा साधा हिशोब असा : विचार नवा असेल, चुकीच्या माहितीवर उभा असेल ('छातीत धडधडलं म्हणजे हार्ट अटॅकच'), तर त्याच्याशी भांडायचं, आणि तोच विचार वीस वर्षं रोज येतोय, त्याला उत्तर देऊन देऊन माणूस थकलाय, तर भांडण बंद, त्याला बसू दे ओटीवर. आणि अंगच इतकं ताठलंय की दोन्ही ऐकूच जात नाही, तेव्हा चटई. बहुतेक वेळा चटईसुद्धा लागत नाही, भिंतीला हात लावून ताडासनात उभं राहिलं तरी पुरतं.

तू काय कर, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी लागते, तो रस्ता आधी पूर्ण कर. योगाचं शिक्षण त्याच्या बरोबरीने चालू दे, पण पेशंटवर दोन वर्षं वापरू नकोस, स्वतःवर वापर. एमबीसीटी बसवणाऱ्या त्या तिघांनाही कबाट-झिनच्या लोकांनी हेच सांगितलं होतं की तुम्ही स्वतः बसत नसाल तर शिकवू नका, आणि सुरुवातीला त्यांना ते काही पटलं नव्हतं. एक अजून. तू स्पर्धेतली आहेस, तुला आसन 'दिसायला' परफेक्ट लागणार. क्लिनिकमधे समोरची बाई वाकडी उभी असेल आणि तिला बरं वाटत असेल तर तिला सरळ करायला जाऊ नकोस.

प्रश्न : मी गृहिणी आहे, वय ४१. सगळे सांगतात ध्यान कर, ध्यान कर. मी डोळे मिटले की छातीत धडधडतं, घशाशी काहीतरी येतं, आणि पाच मिनिटांत उठावं लागतं. ग्रुपमधल्या बाकीच्या बायकांना छान शांत वाटतं. माझ्यातच काही दोष आहे का? (डोंबिवली)

नाही. तुमच्यात दोष नाही.

तुम्हाला माझी एक चूक सांगते. पंधराएक वर्षं झाली असतील, मी नवी नवी चटईच्या प्रेमात होते. एक बाई यायच्या, झोप नाही, अंग सतत आखडलेलं. मला वाटलं, शवासन. आडवं व्हा म्हटलं, डोळे मिटा, दिवा मंद केला, आणि मी आपली हळू आवाजात सांगतेय, आता उजवा पाय, आता मांडी, आता पोट. पोटाशी आल्यावर त्यांचे ओठ थरथरायला लागले. मला वाटलं साठलेलं मोकळं होतंय, म्हणून मी थांबले नाही, अजून हळू बोलायला लागले. त्या ताडकन उठल्या, दार उघडलं आणि गेल्या, चपला माझ्या दाराशी तशाच. तीन आठवड्यांनी परत आल्या. तेव्हा कळलं की लहानपणी जे त्यांच्याबरोबर घडलं होतं त्यात अंधार होता, आडवं पडणं होतं, आणि 'काही नाही, गप पड' म्हणणारा हळू आवाज होता. मी तेच सगळं परत मांडलं होतं, तेही फी घेऊन. त्या चपला मी पिशवीत घालून ठेवल्या होत्या, त्या दिवशी त्यांच्या हातात दिल्या. त्यांनी मला माफ केलं, मी स्वतःला करायला जास्त वेळ लावला.

तुमच्या बाबतीत असंच काही असेल असं मी मुळीच म्हणत नाही, पत्रावरून मला काय कळणार. कधी नुसतीच अँग्झायटी असते, कधी थायरॉइड असतं, हो, खरंच, एकदा रक्त तपासून घ्या. पण एवढं नक्की की काही माणसांना डोळे मिटून आत बघणं त्या घडीला झेपत नाही, आणि त्यांना 'अजून बस, जमेल' म्हणणं ही मदत नाही. बाहेरचा आवाज, उजेड, माणसं एकदम बंद केली की आतली धडधड मोठी ऐकू येते आणि मेंदू म्हणतो, धोका. मग अजून धडधड.

करून बघा, डोळे उघडे. खुर्चीवर बसा, दार दिसेल अशी. तळपाय फरशीवर, फरशी गार आहे का ते बघा. मग खोलीतल्या पाच निळ्या वस्तू शोधा. निळ्या नसतील तर हिरव्या, काही बिघडत नाही. त्यानंतर वाटलंच तर श्वास, तोही आत घ्यायची खटपट न करता नुसता सोडताना थोडा लांबवायचा, कारण श्वास सोडताना हृदयाची गती आपसूक जराशी उतरते, त्याला तुमची श्रद्धा वगैरे लागत नाही. दोन मिनिटं. तिसरं मिनिट नको वाटलं तर उठा आणि कुंड्यांना पाणी घाला.

बसण्यापेक्षा हलणं तुम्हाला जास्त मानवेल असा माझा अंदाज. बोस्टनकडचे सायकियाट्रिस्ट बेसेल व्हॅन डर कोक यांनी २०१४ मधे ६४ बायकांचा अभ्यास छापला, जुना आघात, उपचार करूनही न हटलेला, त्यात निम्म्या बायकांना दहा आठवडे आठवड्यातून एक तास योग दिला. शेवटी योगाच्या गटातल्या ३१ पैकी १६ जणी पीटीएसडीच्या (आघातानंतर टिकून राहणाऱ्या मानसिक त्रासाच्या) व्याख्येबाहेर आल्या, दुसऱ्या गटात २९ पैकी ६. अभ्यास छोटाच आहे, पण योग शिकवायची पद्धत बघण्यासारखी होती, शिक्षक कुणाला हात लावून आसन सुधारत नव्हते आणि 'करा' ऐवजी 'हवं तर करून बघा' म्हणत होते. तुमच्या ग्रुपच्या बाईंना एवढंच विचारा, मी डोळे उघडे ठेवले तर चालेल का. त्या नाही म्हणाल्या तर ग्रुप बदला.

आणि धडधड वाढतच असेल, रात्रीची पण येत असेल, तर ध्यान बाजूला ठेवून आधी माझ्यासारख्या कुणाकडे जा. बोलायला.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. हे माइंडफुलनेस म्हणजे आपलंच धन. आपल्याकडचं ध्यान आणि योग अमेरिकेने उचलला, इंग्रजी नाव दिलं आणि आता आपल्यालाच पैसे घेऊन विकतात. तुम्ही शिकल्या सवरलेल्यांनी तरी याला का भुलावं? (ठाणे)

सर, अर्धं मान्य. वर्कशॉपच्या फिया बघून माझेही डोळे पांढरे होतात, आणि पितळी वाटीला तिबेटी म्हणून पाचपट पैसे लावणारे मला माहीत आहेत.

पण राहिलेलं अर्धं ऐका. आपलं धन आपण पेटीत ठेवलं होतं असं मुळीच नाही, आपल्याकडेही ते मोजून बघणारी माणसं शंभर वर्षांपूर्वी होती आणि ती आपणच विसरलो. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मधे लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं, त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केलं, आणि नौली, उड्डियान या पोटाच्या योगक्रिया करताना पोटात दाब किती उतरतो ते यंत्र लावून मोजलं, एक्स-रे काढले. त्यांचे गुरुबंधू योगेंद्र, त्यांनी तर १९१८ मधे मुंबईत योग संस्था काढली होती. दोघांचाही आग्रह एकच, गुहेतला योग घरात आणायचा आणि त्याचं काय होतं ते तपासायचं. मग कबाट-झिनने वेगळं काय केलं? त्याने तो हॉस्पिटलच्या आत नेला, आठ आठवडे असं माप ठरवलं, आणि कुणाला उपयोग होत नाही हेसुद्धा छापायची पद्धत पडली. हे शेवटचं मला फार मोलाचं वाटतं. ब्रिटनमधे ८५ शाळांतल्या आठ हजारांवर मुलांपैकी साधारण निम्म्यांना माइंडफुलनेस शिकवून बघितलं, २०२२ मधे निकाल आला, शाळेत नेहमीचं जे भावनिक शिक्षण देतात त्याच्यापेक्षा काही जास्त फायदा नाही. आणि तो त्यांनी छापला. आपल्याकडे कुठल्या शिबिराने 'आमच्याने फरक पडला नाही' असं पत्रक काढलेलं तुम्ही पाहिलंय का?

बाकी इकडचं तिकडे नेताना आणि परत आणताना गमती होतातच. त्या आठ आठवड्यांच्या वर्गात पहिल्या दिवशी एकेक बेदाणा हातात देतात आणि तो पाच-सात मिनिटं बघत, हुंगत, बोटांवर फिरवत खायचा असतो. मी आमच्या ज्येष्ठ नागरिकांच्या गटात बेदाणे वाटले. चौदा जण. मी वळून घड्याळ बघेपर्यंत नऊ जणांचे खाऊन झाले होते, दोघांनी तर उजव्या हाताखाली डावा हात धरून घेतला, तोंडात टाकला आणि हात डोक्यावरून फिरवला. प्रसाद! प्रसाद कुणी हुंगत बसतं का? पुढच्या वेळी मी भाजलेला शेंगदाणा दिला. साल चुरगळून निघतं, फुंकर मारली की उडतं, दाणा दुभंगतो आणि आत ते टोकाला चिमुकलं नाक असतं. एक आजी म्हणाल्या, सत्तर वर्षं कूट करतेय, हे नाक कधी बघितलंच नव्हतं. तो वर्ग कुठल्या देशातला म्हणायचा, सर?

प्रश्न : सहा वर्षं डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत. आता बरं आहे. रोज एक तास योग आणि प्राणायाम करतो. गोळ्या बंद केल्या तर चालतील का? योगाचे गुरुजी म्हणतात गोळ्या म्हणजे विष. (सांगली जिल्हा)

स्वतःच्या मनाने बंद करू नका. मी डॉक्टर नाही, गोळ्या लिहून द्यायचा किंवा थांबवायचा मला अधिकार नाही, आणि गुरुजींनाही नाही.

तुमचा प्रश्न चुकीचा नाहीये, विचारण्याची जागा चुकलीय. हाच प्रश्न ब्रिटनमधे ४२४ लोकांवर तपासला गेला, २०१५ मधे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलाय. अर्ध्यांनी गोळ्या चालू ठेवल्या, अर्ध्यांनी एमबीसीटीचा आठ आठवड्यांचा वर्ग करून गोळ्या कमी करत नेल्या, आणि दोन वर्षांत डिप्रेशन परत आलं ते ४७ आणि ४४ टक्के लोकांना, म्हणजे जवळजवळ सारखंच. पण त्यातला 'कमी करत नेल्या' हा शब्द वाचा, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू. आणि दुसरी बाजू पण वाचा, गोळ्या घेऊनसुद्धा आणि वर्ग करूनसुद्धा चाळीसच्या वर लोकांना परत त्रास झाला. हा आजार चिवट आहे. एकदम गोळी सोडली की चक्कर, डोक्यात करंट बसल्यासारखं, चिडचिड, झोप उडणं असं होऊ शकतं, आणि मग माणसाला वाटतं आजारच उलटला. निदान बायपोलरचं (कधी अति उत्साह, कधी डिप्रेशन) असेल तर जास्तच जपून.

तेव्हा तुमच्या सायकियाट्रिस्टकडे जा, म्हणा मी वर्षभर इतका इतका बरा आहे, हे हे करतो, कमी करायचा प्लॅन करूया का. ते ऐकून घेत नसतील तर दुसरं मत घ्या. मधेच कधी फार खाली गेल्यासारखं वाटलं, जगणं नको वगैरे, तर १४४१६ हा टेली मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. योग चालू ठेवा. गुरुजींकडून आसनं शिका, औषधाचा सल्ला घेऊ नका.

प्रश्न : व्हिडिओ बघून रोज सकाळी जोरजोरात कपालभाती करतो, १००० पर्यंत जातो. हल्ली हातांना मुंग्या येतात आणि हलकं वाटतं. ही कुंडलिनीची सुरुवात आहे का? (पुणे)

कार्बन डायऑक्साइडची आहे. इतका वेळ इतका भराभर श्वास टाकला की रक्तातला तो कमी होतो, मग मुंग्या, गरगर, ओठ बधिर. ज्यांना पॅनिक येतं त्यांना यातूनच अटॅक यायची भीती असते. बीपी, हर्निया, गरोदरपण असेल तर करायचीच नाही. हजाराचा आकडा कुणी सांगितला? थांबवा, समोर बसून शिकवणारा शिक्षक शोधा, आणि तोपर्यंत मिनिटाला साधारण सहा श्वास होतील असं संथ, नाकाने. ते कंटाळवाणं आहे, व्हिडिओला त्याचे व्ह्यू मिळत नाहीत.

प्रश्न : तुम्ही स्वतः रोज ध्यान करता का? खरं सांगा. (नाव नाही)

रोज नाही. गेल्या आठवड्यात चार दिवस केलं, बाकीचे तीन दिवस सहाचा गजर बंद करून परत झोपले. गुडघ्यामुळे आता खुर्चीवर बसते, वीस मिनिटं, खिडकीकडे तोंड करून. काल बसले तेव्हा खालच्यांचा कुकर लागला होता. आमच्याकडे डाळीला तीन शिट्ट्या होतात. त्यांची चौथी झाली तेव्हा मी मनातल्या मनात 'अहो, बंद करा आता गॅस' म्हणत होते, पाचवीला लक्षात आलं की आपण ध्यानाला बसलोय, परत श्वासाकडे आले, आणि सहावी झाली.